मूळ गाडी म्हणजे कुठली? विलायती मोटारी, त्यांचे बॉडीवाले आणि आपले मिस्त्री



विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, आयुष्यभर वेदान्त आणि कांट शिकवलात, आणि आता रोल्स-रॉइसवर बोलणार? घेताय की काय?" आम्ही म्हटलं, गोराई डेपोतून सुटणारी बेस्ट ही आमची गाडी, तिला ड्रायव्हरही असतो आणि कंडक्टरही. त्यापेक्षा जास्त थाट आम्हाला झेपायचा नाही.

पण हा विषय आम्ही हौसेनं घेतलेला नाही. टेबलावर हा एक सागवानी तुकडा ठेवला आहे, वीतभर लांबीचा. त्याच्यापायी घेतला आहे. त्याची हकीकत शेवटी सांगू. आधी इतिहास.

खाडीपलीकडच्या गोराई गावात लाँचमधून उतरलं की टांगे दिसायचे, आठवतं ना? आमची एकच विनंती, त्या टांग्याकडे जरा निरखून बघा. चाकं, आख, कमानी हा एक भाग. त्यावर बसायची जागा, पाठ, टप हा दुसरा. बैलगाडीतही तसंच, आख निराळा आणि साटा निराळा. चाकाला लोहार धाव चढवायचा, साटा सुतार करायचा. शहरात बग्गी बांधणारे कारखानदार होते, पण कामाची विभागणी तीच. आता गंमत अशी, की विसाव्या शतकातल्या सगळ्यात महागड्या विलायती मोटारी नेमक्या याच पद्धतीनं बांधल्या जात. दुसरं महायुद्ध संपल्यावरसुद्धा!

१९४६ साली तुम्ही रोल्स-रॉइसची सिल्व्हर रेथ घ्यायला गेला असता, तर कंपनीनं तुम्हाला गाडी दिलीच नसती. तिनं दिली असती चॅसी. म्हणजे दोन लांब पोलादी तुळया, त्यावर इंजिन, गिअर, चाकं, स्टिअरिंग, पुढे ते देवळाच्या दर्शनी भागासारखं रेडिएटर. बसायला जागा नाही, दार नाही, छप्पर नाही. ही चॅसी जायची बॉडी बांधणाऱ्याकडे, आणि तो निवडायचा गिऱ्हाइकानं. लंडन आणि आसपास अशी नामांकित घराणी होती. हूपर, एच. जे. मलिनर, पार्क वॉर्ड, जेम्स यंग, फ्रीस्टोन अँड वेब. हो, घराणी हाच शब्द योग्य. ग्वाल्हेर, किराना, जयपूर म्हणतो तसं. जाणकार माणूस दुरून मडगार्डची एक रेघ बघून सांगायचा, ही हूपरची.

ही मंडळी मुळात बग्गीवालीच. हूपर १८०५ पासूनचे, राजघराण्याच्या बग्ग्या करणारे. बार्कर तर १७१० पासूनचे. ते १९३८ मध्ये हूपरमध्ये विलीन झाले. मोटारींच्या अंगांची नावंही बग्गीखान्यातून आली आहेत. लँडो, ब्रूम, फिटन, व्हिक्टोरिया. यातली व्हिक्टोरिया मुंबईकराला सांगायला नको. उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ती बेकायदा ठरवली, तोवर ती इथे गेटवेपाशी आणि चौपाटीवर धावत होती. आणि जुन्या मराठी कादंबऱ्यांत एखाद्या रावसाहेबांची फिटन दारात उभी राहिली नाही असं क्वचितच होतं.

बॉडी कशी व्हायची ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी पूर्ण मापाचं चित्र. मग लाकडाचा सांगाडा. लाकूड अ‍ॅशचं, ज्याचे क्रिकेटचे स्टम्प करतात ते. चिवट, लवचीक, स्क्रू धरून ठेवणारं. दाराची चौकट, छपराच्या कमानी, मागची गोलाई, सगळं सुताराचं काम. सांधे असे, की कपाट करणाऱ्यानं मान डोलवावी. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. तो साच्यात दाबलेला नव्हे. दोन चाकांमध्ये धरून पुढेमागे फिरवत आणि लाकडी हातोड्यानं ठोकत फुगवलेला. एका मडगार्डला कित्येक दिवस. मग कातडं, गालिचा, अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या. मग रंगाचे थर, प्रत्येक थर घासून पुन्हा थर. महिने जायचे. दोन गाड्या तंतोतंत सारख्या निघत नसत. उजवं आणि डावं दारसुद्धा एका मापाचं असेलच असं नाही. ते त्याच्याच चौकटीत बसणार, दुसरीकडे नाही.

आपल्याकडचा संबंध जुना आहे. १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर मोटारींची परीक्षाशर्यत झाली, ६२० मैलांची, सहा घाट चढून-उतरून. ती जिंकली एका रोल्स-रॉइसनं, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ हे तिचं नाव. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. म्हणजे रोल्स-रॉइसचा हिंदुस्थानातला पहिला मोठा लौकिक झाला तो आपल्या सह्याद्रीच्या घाटांत, आणि गाडी गेली मराठी संस्थानिकाच्या पागेत. संस्थानिकांच्या चैनीच्या गोष्टी मात्र आम्ही फार सांगणार नाही. शोरूममध्ये अपमान झाला म्हणून कुणा राजानं रोल्स-रॉइसनं कचरा उचलवला, ही गोष्ट तीन-चार निरनिराळ्या राजांच्या नावावर सांगतात. त्यावरून ती किती खरी ते तुम्हीच ठरवा.

एक उदाहरण तेवढं घेऊ, कारण ते आपल्या मुद्द्याचं आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर. मोठे रसिक, माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतला. १९३५ मध्ये त्यांनी ड्यूसनबर्ग गाडी घेतली. चॅसी आणि इंजिन अमेरिकेचं. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं केली. रंग नारिंगी आणि काळा. आणि मालक मराठी. आता ही गाडी कुठली? अमेरिकन म्हणाल, विलायती म्हणाल, की इंदुरी? आज ती जगभरच्या जाणकारांत ‘महाराजा ऑफ इंदोर’ या नावानं ओळखली जाते. अमेरिकेचा कारखाना आणि लंडनचा बॉडीवाला दोघेही नावात मागे पडले, मालक राहिला. हे लक्षात ठेवा.

युद्धानंतर या धंद्याला उतरती कळा लागली. ब्रिटिश सरकारनं एक हजार पौंडांहून महाग गाडीवर दोनतृतीयांश खरेदीकर लावला. त्याआधीच, १९४६ मध्ये, रोल्स-रॉइस कंपनीनं आपल्या बेंटलीच्या मार्क सिक्सला कारखान्यातली तयार पोलादी बॉडी बसवली. बेंटली १९३१ पासून त्यांचीच. पत्रा कावलीजवळ साच्यात दाबून यायचा, गाडी क्रू इथल्या कारखान्यात जुळायची. युद्धात याच कारखान्यात विमानांची मर्लिन इंजिनं होत असत. अशा पाच हजारांवर मार्क सिक्स निघाल्या, आणि बहुतेक त्या तयार बॉडीच्या. सिल्व्हर रेथ मात्र शेवटपर्यंत चॅसी म्हणूनच विकली गेली. दशकभरात दोन हजारसुद्धा झाल्या नाहीत. १९४९ मध्ये सिल्व्हर डॉन आली, खुद्द रोल्स-रॉइस नावाची पहिली तयार गाडी. मग एकेक घराणं मिटत गेलं. हूपरनी १९५९ मध्ये मोटारी बांधणं थांबवलं. त्याच वर्षी मलिनर कंपनीनं विकत घेतले. पार्क वॉर्ड तर १९३९ पासूनच तिच्या मालकीचे होते. १९६१ मध्ये दोघांना एकत्र करून टाकलं. १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो आली. तिला वेगळी चॅसीच नव्हती, बॉडी हाच सांगाडा. मोजक्या फँटम सोडल्या तर आता बॉडीवाल्यानं करायचं तरी काय? आख आणि साटा एक झाले.

याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९४९ ला बडोदा. पागा मोठ्या, उत्पन्न आटलेलं. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरनं १९४७ मध्ये मोटारी जुळवायला सुरुवात केली होती. परदेशी कंपन्यांनी नुसतं जुळवू नये, इथे बनवावं, असं सरकारचं धोरण ठरल्यावर शिवडीला १९२८ पासून असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. थोडक्यात, नवी विलायती गाडी येणं दुर्मीळ झालं. ज्या होत्या त्यांचे सुटे भाग मिळणं त्याहून दुर्मीळ. संस्थानिकाची गाडी शेटजीकडे, शेटजीकडून सिनेमावाल्याकडे, तिथून लग्नाच्या वरातीला. १९७१ मध्ये तनखे बंद झाले तेव्हा उरल्यासुरल्याही बाहेर आल्या. पुष्कळ परदेशी गेल्या. मग सत्तरच्या दशकात त्यांच्या निर्यातीवर बंदी आली. कोल्हापूरकरांची मेबॅक दसऱ्याला अजून निघते, पण ती जर्मन. आज तिला वाट देऊ आणि पुढे जाऊ.

ज्या इथे राहिल्या त्या जगल्या कुणामुळे? या धंद्यावरची गुळगुळीत कागदाची पुस्तकं आम्ही बरीच चाळली. त्यांत हूपर आहे, मलिनर आहे, महाराज आहेत. लॅमिंग्टन रोडचा मिस्त्री नाही.

इथे आमच्या मामांना आणावं लागतं. मामा गिरगावात राहत, आणि जवळच्या एका गॅरेजात पत्र्याचं काम करीत. आज ज्याला डेंटर म्हणतात ते. मूळ शिक्षण मात्र सुतारकामाचं, वडिलांकडून आलेलं. आम्ही तेरा-चौदा वर्षांचे, म्हणजे १९६३ ची गोष्ट. सुट्टीत डबा घेऊन जायचं काम आमच्याकडे. एक दिवस गॅरेजात एक प्रचंड काळी गाडी उभी. १९४८ ची सिल्व्हर रेथ, बॉडी हूपरची. मागचं डावं दार काढून मामांनी आतला पत्रा सोडवला होता, आणि आतून भुसा सांडत होता. वाळवी! मुंबईच्या पावसानं कुजवलं आणि वाळवीनं संपवलं. आम्ही विचारलं, मोटारीत लाकूड कसं? मामा हसले. "अरे, विलायती गाडी म्हणजे बैलगाडीच. साटा बदलायचा झाला." बस्स, एवढंच बोलले आणि डबा उघडला.

अ‍ॅश इथे मिळणार कुठून? मामांनी सागवान घेतलं, जुन्या घराच्या तुळईचं, पुरतं वाळलेलं. चार महिने ते काम चाललं. मागची डावी चौकट, छपराच्या दोन कमानी, डिकीची गोलाई सागवानात केली. मागच्या मडगार्डचा पत्रा नव्यानं ठोकला. दाराची कुलपं चोरबाजारातून आणून जमवली. यंत्र नाही, नकाशा नाही. उजव्या बाजूवर कागद लावून माप घ्यायचं आणि ते उलटं करून डाव्या बाजूला लावायचं. पण दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या, हे आधी सांगितलंच. पहिली चौकट बसेना. मामांनी ती फोडून टाकली आणि मागल्या बाजूचा आडाखा निव्वळ नजरेनं धरला. मालकानं पैसे दिले, हिशेबात दोनदा घासाघीसही केली. आमच्याकडे मामांची कामाची वही आहे. त्यात गाडीचा चॅसी नंबर, लाकडाचा खर्च आणि दिवस लिहिले आहेत. स्वतःचं नाव कुठेच नाही, कारण वही त्यांचीच होती.

तुम्ही म्हणाल, सर, हे एखाद्या महाराजाच्या गाडीचं झालं, आम्हाला त्याचं काय? तर पुण्याच्या हमरस्त्यावर नुसती चॅसी चालवत नेणारा ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल. डोळ्याला गॉगल, तोंडाला फडकं, बसायला खोकं. ट्रकची चॅसी कारखान्यातून निघते आणि बॉडी बांधणाऱ्याकडे जाते. आपली एस.टी. घ्या. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. पुढे महामंडळानं दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथल्या आपल्याच कार्यशाळांत विकतच्या चॅसीवर बॉड्या बांधल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या. लंडनमध्ये हूपरला टाळं लागलं तरी दापोडीला पत्रा ठोकणं चालूच राहिलं. सिल्व्हर रेथ आणि लाल डबा यांची जात एकच, असं आम्ही म्हटलं तर मोटारवाले रागावतील. रागावू देत. बांधणीच्या दृष्टीनं ते खरं आहे. फरक पैशाचा, वेळेचा आणि खिडकीच्या खडखडाटाचा.

आता आमच्या प्रांतात येतो, कारण प्रश्न अजून उरला आहे. मिलिंदपञ्हात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ म्हणजे काय? आख का? चाकं का? साटा का? जू का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग हे सगळं मिळून जी जुळणी, तिला आपण व्यवहारात रथ म्हणतो, इथे गाडी येऊन थांबते. आमचे विद्यार्थी यावर कंटाळून जांभया देत. पण हाच प्रश्न १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात आला, आणि बाजी होती एक कोटी पौंडांची. ‘ओल्ड नंबर वन’ ही १९२९ आणि १९३० मध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेली बेंटली. पुढे तिचं इंजिन बदललं, चॅसी बदलली, १९३२ मध्ये अपघात झाला, अंगावर नवी बंदिस्त बॉडी चढली. विकत घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, पैसे देणार नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो मोठा मार्मिक. या गाडीला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण ‘अस्सल’ म्हणता येईल. कारण तिचा इतिहास मध्ये तुटलेला नाही. ती कधी मोडून दुसरी झाली नाही, तीच बदलत आली. गोराईच्या कोणत्याही तांडेलाला हे एका मिनिटात पटेल. होडीची फळी दरसाल बदलते, होडी बदलत नाही.

आपल्या कायद्यानं मात्र दुसरी वाट धरली. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, मोठी फेरबदलाची दुरुस्ती झालेली नको. हेतू चांगला आहे. पण ज्या गाड्या जन्मतःच दोन ठिकाणी, दोन मालांच्या बनल्या, ज्यांच्या बॉड्या मालक हौसेनं उतरवून नव्या चढवीत, त्यांचं मूळ स्वरूप कोणतं धरायचं? कारखान्यातून निघालेली चॅसी? लंडनच्या हूपरकडून निघालेली गाडी? की सत्तर वर्षं मुंबईत चाललेली?

हे आम्हाला पुस्तकात नाही, दहिसरच्या एका शेडमध्ये समजलं. जुन्या गाड्या दुरुस्त करणारा आमचा एक माजी विद्यार्थी तिथे असतो. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला आणि शहाणा म्हणून लगेच मोटारींकडे वळला. चार वर्षांमागे त्याचा फोन आला. "सर, एका गाडीच्या चौकटीवर आत पेन्सिलीनं मराठीत काहीतरी लिहिलंय, येऊन बघा." आम्ही गेलो. मागच्या डाव्या दाराच्या चौकटीवर लिहिलं होतं, ‘डावे मागे ३’. तिनाच्या शेपटीला मामांचा तो लांब फराटा. घरी येऊन वही काढली, चॅसी नंबर पडताळला. तीच.

लिखाण बघून आम्हाला काय वाटलं ते सांगत बसत नाही. पण मालकाशी जे बोलणं झालं ते सांगतो. सज्जन मनुष्य, तिसऱ्या पिढीतला. त्यांचा समज होता की गाडी ‘शंभर टक्के हूपर’ आहे. दाराच्या उंबऱ्यावर हूपरची पट्टी आहेच. सागवान निघाल्यावर त्यांचा चेहरा पडला. फसवणूक झाल्यासारखा. त्यांनी ठरवलं, सगळं सागवान काढायचं आणि इंग्लंडहून अ‍ॅश मागवून बसवायचं. म्हणजे गाडी पुन्हा मूळ होईल.

आम्ही त्यांना म्हटलं, साहेब, सागवानाला साठ वर्षं झाली. हूपरचं अ‍ॅश पंधरा वर्षंसुद्धा टिकलं नाही. आता जे अ‍ॅश येणार ते ना हूपरचं, ना १९४८ चं. तीन लाकडांत सगळ्यात नवं तेच, आणि त्यालाच तुम्ही मूळ म्हणणार? ते म्हणाले, "प्रोफेसर, तुमचं बरोबर असेल. पण रॅलीत परीक्षक येतो तो आत हात घालून बघतो. आणि उद्या विकायची झाली तर?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. न्यायमूर्ती ऑटन यांच्याकडेसुद्धा दहिसरला उपयोगी पडेल असं काही नव्हतं.

विद्यार्थी मधल्या मध्ये अडकला होता. शेवटी त्यानं मालकाला एका गोष्टीला राजी केलं. दाराची आणि डिकीची लाकडं बदलली. छपराच्या दोन सागवानी कमानी तशाच ठेवल्या. त्या काढायच्या तर छपराचा पत्रा कापावा लागला असता, आणि हूपरचा पत्रा कापायला मालकच तयार झाले नाहीत. म्हणजे हूपरच्या पत्र्यानं मामांचं लाकूड वाचवलं. दुरुस्तीच्या कागदांत विद्यार्थ्यानं एक ओळ घातली आहे. १९६३, मुंबई, मागील भाग सागवानात, आणि पुढे मामांचं नाव. मालकांनी ती खोडली नाही.

काढलेलं सागवान भंगारात जाणार होतं. त्यातला हा एक तुकडा आम्ही मागून घेतला. पेन्सिलीची अक्षरं या बाजूला आहेत, जरा उजेडात धरावा लागतो. पहिल्या रांगेपासून फिरवायला सुरुवात करा. बोट फिरवू नका, अक्षर पुसतंय. आणि शेवटच्या रांगेतल्या मंडळींनी तो कृपा करून परत आणून द्यावा, मग प्रश्नोत्तरं घेऊ.